पलीकडच्या काठाचा आंबा

"पिशवीत काय आहे?"

"सुके मासे," मारिफे म्हणाली. म्हणाली ती अगदी ठसक्यात, पण नजर समुद्राकडे वळवून... आणि तिथेच तिची चोरी पकडली गेली. सुके मासे घेऊन बोटीतून उतरणारं माणूस घराकडे चालू लागतं, समुद्र बघत उभं राहत नाही.

धक्क्यावरच्या तपासणीच्या टेबलामागून तो उठला. खाकी शर्ट, कपाळावर घाम, छातीवर नावाची पट्टी — जेर्विन. त्याने पिशवीत हातसुद्धा घातला नाही. नुसता वाकला, नाक जवळ नेलं आणि डोळे मिटले.

"वर मासे आहेत," तो म्हणाला. "खाली आंबे. छोटे, चोखून खायचे. वीसेक असतील."

"एकोणीस," मारिफेच्या तोंडून निघून गेलं. "एक बोटीत फुटला."

गिमारास बेटावर बाहेरचा आंबा आणायचा नाही, हे आमच्या बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरच्या आंब्याच्या कोयीत किडा असू शकतो, आणि तो एकदा इथल्या झाडांना लागला की सगळ्या बेटाच्या तोंडचं पाणी पळेल. मारिफेच्या घरामागेही आंब्याची तीन झाडं होती, तिला तर हे पाठच होतं. म्हणून तर मासे वर रचले होते.

"मानोंग, ऐका ना..." तिने आवाज मऊ केला. आमच्याकडे वडीलधाऱ्या भावाला मानोंग म्हणतात, आणि अडलेली माणसं कुणालाही म्हणतात. "माझ्या लोलासाठी आहेत हो. ब्याऐंशी वर्षांची आहे माझी आजी. तिचं माहेर पलीकडे, इलोइलोच्या बाजूला. तिच्या वडिलांनी लावलेलं झाड आहे. रस्ता रुंद होतोय, महिनाअखेरीला झाड तोडणार. तिला आता बोटीत बसवत नाही. शेवटचं एकदा तिला हे आंबे खायचेत, बाकी काही नाही. सगळे घ्या, एक सोडा. एकच."

तो तिच्याकडे बघत राहिला. तपासणीला लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. मग त्याचे कान लाल झाले.

"किडाही एकच लागतो," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या बाबांची चाळीस झाडं आहेत. सोडता आलं असतं तर... नाही सोडता येत."

त्याने एकेक आंबा उचलून पिंपात ठेवला. टाकला नाही, ठेवला. हे तिच्या लक्षात आलं, पण तेव्हा ते कबूल करायची तिची तयारी नव्हती.

"आणि मानोंग म्हणू नका," मासे परत भरून देताना तो म्हणाला. "फार तर दोन वर्षांनी मोठा असेन."

"मग काय म्हणू? आंबेचोर?"

तो हसला. गालाला खळी पडली. चोर ती आणि शिरजोरही तीच, हे कळत असूनही मारिफे पाय आपटत निघून गेली.

घरी लोला कोन्सिंगने सगळं ऐकून घेतलं आणि हातातला पंखा नातीच्या डोक्यावर हाणला.

"बरं केलं त्या पोराने. सगळ्या बेटाचं वाटोळं करायला निघाली होतीस माझ्या जिभेपायी?"

"तूच तर म्हणत होतीस ना..."

"म्हातारं माणूस हजार गोष्टी म्हणतं. त्या करायच्या असतात का?"

एवढं बोलून ती खाटेवर आडवी झाली. पण ती रिकामी पिशवी तिने धुवू दिली नाही. दुपारी मारिफे पाणी घेऊन आत गेली, तर म्हातारी पिशवीत तोंड घालून पडली होती. मारिफे तशीच मागे फिरली आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडली.

तिसऱ्या दिवशी, चारची बोट येऊन गेल्यावर, तो फाटकात हजर. फाटकाला पुठ्ठ्याची पाटी होती — 'आइसकँडी मिळेल'. उन्हाळ्यात आमच्याकडे ज्याच्या घरी फ्रीजर त्याच्या फाटकाला पाटी. फळाचा गर दुधासाखरेत कालवायचा, वीतभर लांब प्लास्टिकच्या नळीत भरायचा, गाठ मारून गोठवायचा. पाच पेसोला एक, कोपरा दातांनी तोडायचा आणि चोखत घरी जायचं.

"घराची तपासणी करायला आलात?" मारिफेने विचारलं.

"आइसकँडी घ्यायला. आंब्याची द्या."

"संपली."

"अगं, फ्रीजर भरलाय की आंब्याने!" आतून लोला.

"यांच्यासाठी संपली, लोला. ज्यांनी माझे आंबे घेतले त्यांना आंबा नाही. खरबूज आहे. हवं तर घ्या."

त्याने खरबूज घेतलं. तिथेच उन्हात उभं राहून संपवलं, पाच पेसो दिले आणि गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशीही.

"आंबा?"

"संपला."

"मग खरबूज," तो शहाण्या मुलासारखा म्हणायचा.

पाचव्या दिवशी लोलाने खाटेवरूनच त्याला हाक मारली. "ए खाकी, नुसता उभाच आहेस तर हातपंपावरून दोन बादल्या पाणी आण." त्याने बाह्या सरसावल्या आणि आणलं. झालं. तरुण मुलगा एखाद्या मुलीच्या घरी पाणी भरायला लागला की आमच्या बेटावर कुणी कारण विचारत नाही, सगळे तारीख विचारतात. शेजारच्या पासिंगबाईंनी कुंपणावरून मान काढली.

"इंदाय," आमच्याकडे पोरींना लाडाने म्हणतात तशा त्या म्हणाल्या, "लागला वाटतं पाणी भरायला? तारीख कधीची?"

"आइसकँडी खायला येतो तो," मारिफे म्हणाली.

"आमचे हे मीठ मागायला यायचे. आमच्या घरातून त्यांनी सहा महिन्यांत चार किलो मीठ नेलं."

मारिफेचे गाल तापले. जेर्विन बादली ठेवत होता. त्याने ऐकलं नसेल असं तिला वाटलं... पण अर्धी बादली त्याच्याच पायांवर सांडली होती.

हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. आणि त्याचे प्रश्न वाढले. गर शिजवायचा की कच्चा घालायचा? साखर किती? फळ आंबट असेल तर? धागे कसे काढायचे?

"खरबुजाला कुठले आलेत धागे?" मारिफेने भुवई उंचावली.

"समज असले... तर?"

"चाळणीतून दोनदा गाळायचं. मंद आचेवर शिजवायचं, चमचाभर मक्याचं पीठ लावायचं, म्हणजे बर्फाचे खडे होत नाहीत. तुला करायचंय काय?"

"शिकून ठेवलेलं बरं असतं."

एकदा तिने त्याला ओट्यापाशी उभं केलं आणि हातात नळी दिली. "वरपर्यंत भरायचं नाही. दोन बोटं मोकळी सोड. आता पीळ घाल... हवा काढ... अरे, दाबू नकोस!" गर फस्सकन उडाला आणि खाकी शर्टावर पिवळी रांगोळी झाली. मारिफे हसली. त्याच्यासमोर पहिल्यांदाच, मनापासून, ओट्याला टेकून हसली.

"तू हसलीस की..." तो म्हणाला आणि थांबला.

"हसले की काय?"

"काही नाही. गाठ दाखव."

तिने त्याचं बोट धरून पिळावर ठेवलं. "इथे धर. घट्ट." त्याने धरलं. तिने गाठ मारली. गाठ बसली, तरी बोट तिथेच होतं. तिचंही. आत लोला उगाचच खोकली तेव्हा दोघं भानावर आली.

त्या दिवशी मारिफे गुणगुणत झोपली. खरबुजासाठी कुणी इतके प्रश्न विचारत नाही, एवढं तिला कळत होतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून तो यायचाच बंद झाला.

एक दिवस झाला, दोन झाले. तिसऱ्या दिवशी ती मीठ आणायच्या निमित्ताने धक्क्यावर गेली. टेबलामागे दुसराच कुणी बसला होता. "जेर्विन? सुट्टीवर आहे. पलीकडे गेलाय," तो मिशीत हसत म्हणाला. पासिंगबाईंनी ऐकलं आणि हळहळल्या. "पलीकडे कुणी असेल, इंदाय. पुरुषांचं पाणी भरणं काही खरं नसतं." मारिफेने खांदे उडवले. घरी येऊन तिने पन्नास नळ्या भरल्या आणि एकीचीही गाठ नीट बसली नाही. तिला तो हवा होता. फाटकाशी, उन्हात, खरबूज चोखताना हवा होता. आणि हे त्याला एकदाही कळू न देता आपण रोज आंबा संपला म्हणत राहिलो, याचा तिला स्वतःचा राग आला.

त्यातच पलीकडून लोलाच्या भाच्याचा निरोप आला. सोमवारी झाड तोडणार. लोलाने ऐकलं, मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली. एरवी दिवसभर बडबडणारी म्हातारी त्या दिवशी जेवलीही थोडंसंच.

रविवारी दुपारी फाटक वाजलं.

जेर्विनच्या हातात थर्माकोलचा डबा होता, चिकटपट्टीने गच्च बांधलेला, वर शिक्का मारलेला. त्याची कोपरं खरचटली होती. मानेवर, कानावर, हातांवर लाल गांधी उठल्या होत्या.

"हे काय झालंय तुला?" चार दिवसांचा राग मारिफे क्षणात विसरली.

"मुंग्या. झाडावरच्या. लाल." त्याने डबा ओट्यावर ठेवला. "लोला कुठे आहेत? लवकर. बर्फात मीठ घातलंय, पण ऊन फार आहे."

डब्यात बर्फ होता आणि बर्फात आइसकँडीच्या नळ्या. वेड्यावाकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे रोडावलेल्या, गाठी तर अशा की बघवेना.

"साल पलीकडे, कोय पलीकडे," जेर्विन धापा टाकत सांगू लागला. "जायच्या आधी साहेबांना विचारलं. शिजवून गाळलेला गर चालतो म्हणाले. मग ताईच्या घरी केल्या. पहिल्या दिवशीच्या सगळ्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी परत झाडावर चढलो. आज माझ्याच टेबलावर माझीच तपासणी झाली."

मारिफेने एक नळी उचलली, कोपरा कापला आणि लोलाच्या हातात दिली.

लोलाने ती तोंडाला लावली. एकदा चोखली. डोळे मिटले.

"साखर जास्त झालीये," ती म्हणाली.

जेर्विनचा चेहरा पडला.

"पण झाड तेच." लोलाच्या सुरकुत्यांतून पाणी ओघळत होतं आणि तिने ते पुसलं नाही. "शेंड्याकडचे आहेत हे. खालच्या फांद्यांचे इतके आंबट नसतात. लग्न होऊन या बेटावर यायला निघाले ना, तेव्हा बापाने हेच माझ्या मांडीवर ठेवले होते. बोटीत रडत रडत सगळे खाल्ले मी. नवऱ्याला एक दिला नाही."

ती हसली आणि परत नळी चोखू लागली, अगदी सावकाश, संपू नये अशी. मारिफेने तिला इतकं सुखी कधीच पाहिलं नव्हतं.

डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली होती. मारिफेने ती काढली तशी जेर्विनची धांदल उडाली.

"ती... ती नंतर वाच."

"लोलाच्या भाच्याची आहे," मारिफे म्हणाली आणि मोठ्याने वाचू लागली. "'आत्या, नातजावई बघितला. रेड्यासारखा चढतो, पण चढतो. लग्नाला आम्हाला विसरू नका.'"

मारिफेने चिठ्ठीवरून मान वर केली.

"नातजावई?"

"तो झाडाला हात लावू देईना," जेर्विन जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हणाला, घरच्या माणसाशिवाय कुणाला नाही. मग मी..."

"खोटं बोललास? तू? माझ्यासाठी एक आंबा सोडला नाहीस तो तू?"

"धक्क्यावर खोटं चालत नाही, मारिफे. पलीकडच्या काठावर बोललो." त्याने मान वर केली. कान पुन्हा लाल झाले होते. मुंग्यांमुळे म्हणावं, तर तेवढ्यानेच नव्हे. "आणि मला ते खोटं राहायला नकोय. तू सुके मासे म्हणालीस आणि समुद्राकडे बघितलंस... तेव्हापासून मला तू आवडतेस. आता काय ते तू सांग."

मारिफेला बरंच काही सांगायचं होतं. तिच्या तोंडून एवढंच आलं, "चार दिवस वाट बघितली मी. पुन्हा न सांगता जायचं नाही."

"नाही जाणार."

ती वळली आणि फ्रीजरपाशी गेली. आतून तिने एक नळी काढली, तिच्या घरामागच्या झाडाच्या आंब्याची, पिवळीधमक, गाठ नेटकी. ती तिने त्याच्या सुजलेल्या हातावर ठेवली.

जेर्विन नळीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"खरबूज नाही?"

"संपलं," मारिफे म्हणाली.

फ्रीजरचं दार उघडंच राहिलं होतं आणि आत खरबुजाच्या चांगल्या तीस-चाळीस नळ्या होत्या. लोलाला त्या खाटेवरून स्पष्ट दिसत होत्या. या वेळी ती काही बोलली नाही.