करंगळीचा सूर

"माझीच धून आहे ही... एकटी असताना सुचलेली!"

स्वयंपाकघरातल्या रेडिओवर धाकटीचा आवाज आला आणि ताईच्या हातातला कप ओट्यावर आडवा झाला. चहा ओघळून पायांवर आला, पण तिला कुठलं भान! व्हायोलिन सुरू झालं होतं, आणि पहिल्या चार सुरांतच तिला ओळख पटली होती. ही धून तिची होती! आई गेली त्या वर्षी, बाइंडिंगच्या कारखान्यातून आल्यावर, खळीने चिकट झालेले हात धुऊन, दार लावून तिने ती जुळवली होती. जे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती ते सारं तिने त्या चार तारांना सांगितलं होतं... कुणाला ऐकवण्यासाठी नव्हेच! आणि पलीकडच्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडलेल्या पोरीने ती भिंतीआडून उचलली होती.

धून मधोमध आली आणि गज थांबला. क्षणभर निःशब्द शांतता... मग पुढची ओळ.

"वा! काय हा विराम!" निवेदक गहिवरला.

विराम कसला डोंबलाचा! ताईने आपली ताठ, न वाकणारी डावी करंगळी पाहिली. तिथे एक उंच सूर होता, नि तो तिच्या बोटाला गाठता येत नव्हता. दोघींपैकी एकीलाच व्हायोलिन शिकवणं घराला झेपणार होतं. गुरुजींनी ताईला निवडलं, आणि ताईने धाकटीला पुढे करून कारखान्याची वाट धरली. त्याचं तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही. दिलं ते आपल्या हाताने दिलं होतं. पण ही धून तेवढी तिची स्वतःची उरली होती...

संध्याकाळी धाकटी फुलं घेऊन आली. "ताई, ऐकलंस?"

"ऐकलं. मागितली असतीस तर दिली असती गं! आजवर कशाला नाही म्हटलंय तुला? पण चोरलीस..."

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. "सगळे म्हणायला लागले, स्वतःचं काहीतरी वाजव... माझ्याकडे काही नव्हतंच, ताई! तुझंच ऐकत मोठी झाले, तेच माझं वाटायला लागलं."

"आणि चोरी तरी धड करायचीस! माझं लंगडणंसुद्धा उचललंस?"

"लंगडणं?"

"मधे थांबतेस ते! तिथे सूर आहे, बाई. माझी करंगळी पोचत नाही म्हणून मी थांबते. तुझ्या बोटांना काय धाड भरलीय?"

"पण दारात चेमटली म्हणाली होतीस ना ती करंगळी?"

"दार कसलं! कागद कापायच्या यंत्रात गेली, तुझ्या पहिल्या परीक्षेच्या सकाळी. कळलं असतं तर तू गज हातात धरला असतास का?" रागाच्या भरात बारा वर्षं झाकलेलं ताई बोलून बसली.

धाकटी ताईच्या खुर्चीशी खाली बसली. "मी तो विराम मोजून मोजून बसवला, ताई... लोक त्यालाच टाळ्या देतात... आणि ती तुझी करंगळी होती!" ताईच्या मांडीवर डोकं ठेवून ती हमसाहमशी रडू लागली. "उद्याच रेडिओवर जाऊन सांगते, धून ताईची आहे."

"सांगायचंच," ताई म्हणाली. राग गेला नव्हता. इतक्यात जाणारही नव्हता. पण रडणाऱ्या पोरीच्या पाठीवर हात मात्र सवयीनेच गेला.

मग तिने कपाटावरची पेटी काढली, व्हायोलिन खांद्याला लावलं. "डोळे पूस. इथे डावीकडे उभी राहा."

ताई वाजवू लागली. मधली ती जागा आली, तशी तिने नुसती मान हलवली. धाकटीने हात पुढे केला आणि ताईच्या बोटांशेजारी आपली करंगळी तारेवर टेकवली. गज थांबला नाही.

इतकी वर्षं मनातच वाजलेला तो सूर ताईने त्या दिवशी पहिल्यांदा कानांनी ऐकला.