एका वहीत दोन हस्ताक्षरं

"तुमच्या रेषा फार गुळगुळीत आहेत हो. पाणी असं वागत नाही."

मी मान वर केली. दारात एक उंच तरुण उभा होता. चपला चिखलाने भरलेल्या, काखेत दमट वही.

१९८४ साल. वाशीच्या एका सर्वेक्षण कचेरीत मी नुकतीच ट्रेसर म्हणून लागले होते. न्हावा गावच्या धक्क्यापाशी पाण्यात मापाची काठी रोवली होती. पाणी कुठवर चढलं, ते दिवसा दर तासाला वहीत लिहायला एक माणूस नेमला होता. आठवड्याला शिपाई वही आणायचा, आणि मी त्या आकड्यांची रेषा शाईने काढायची. त्या दिवशी शिपाई आजारी होता, म्हणून लिहिणाराच आला.

"मग पाण्याला सांगा, पट्टी लावून येत जा," मी म्हटलं.

तो हसला. नाव नंदकिशोर.

शिपाई बरा झाला, तरी वही नंदकिशोरच आणू लागला. आधी आठवड्याला, मग दिवसाआड. बोलणं इतकं भरभर, की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी लाटांवर वीज काढायची, तिच्यावर अख्खी नवी मुंबई उजळायची...

"झोपता कधी तुम्ही?"

"दोन तास पुरतात. तुमच्यामुळे, सुमेधाबाई!"

एकदा त्याने अकरा गजरे आणले.

"एवढे कुणाला?"

"एक तुम्हाला."

"आणि बाकीचे?"

"तेही तुम्हालाच!" आणि तिथेच, आमचे साहेब मधुकरराव ऐकत असताना म्हणाला, "येत्या रविवारी लग्न करू."

मी लाजले. पण घरी जाताना मनात पाल चुकचुकली. प्यायला होता का? वास तर नव्हता. मग डोळे असे का चमकत होते?

रविवारी तो आला नाही. पुढचे तीन आठवडे वही शिपायानेच आणली.

मधुकररावांनी दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. एकावर ऐसपैस, उड्या मारणारं अक्षर, समासात यंत्रांची चित्रं. दुसऱ्यावर मुंगीएवढे पुसट आकडे.

"ही दोन माणसं आहेत. हा आपल्या जागी दुसऱ्याला बसवतोय," ते म्हणाले. "सोमवारी वर कळवतो. गेली त्याची नोकरी."

मला वेगळंच दिसलं. एवढं बारीक, नाजूक अक्षर... बाईचंच असणार. गजरे घेणारी आणखी कुणीतरी होती तर!

शनिवारी कचेरी लवकर सुटली. पनवेलला एसटी बदलून मी न्हाव्याला गेले. खरं सांगते, पकडायलाच गेले.

त्याची घरमालकीण चांगुणाबाई अंगणात सुकट पसरत होती. मी आधी दारातल्या चपला पाहिल्या. पुरुषाच्या, एकच जोड.

"वही लिहायला इथं कुणी बाई येते?"

ती खो खो हसली. "बाई? अगो, त्यो दाढी कराला उठत नाय, बाई कुठशी आनील?" मग तिचा आवाज उतरला. "मागं महिनाभर झोपला नाय. अंगनात फेऱ्या, निस्ती बडबड. आता बोलत नाय, जेवत नाय. गेल्या साली बी असाच. दारू शिवत नाय गो. भगताला दावाचा म्हनते."

आत तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला पाहून त्याने डोळे मिटून घेतले.

"पोरा, काठी बघाची येल झाली," चांगुणाबाईने हाक दिली.

तो उठला, पाठीवर पोतं असल्यासारखा. मी त्याच्या मागोमाग धक्क्यावर गेले. काठीकडे बघून त्याने वहीत आकडा लिहिला. मुंगीएवढा.

"हे अक्षर... तुमचंच?"

"हं."

"आणि ते ऐसपैस?"

"तेही." त्याने वही मिटली. "सुमेधाबाई, ते लग्नाचं... ते मी बोललो, की माझ्यातलं दुसरंच काही बोललं... मलाच कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. आणि तेच सगळ्यात जास्त टोचलं.

सोमवारी मी कचेरीच्या कपाटातून गेल्या वर्षीच्या वह्या काढल्या. पाच-सहा आठवडे ऐसपैस, मग कितीतरी आठवडे बारीक. मधुकररावांना म्हटलं, "हे बारीक अक्षर त्याने माझ्या डोळ्यांदेखत लिहिलंय. माणूस एकच आहे. आजारी आहे." त्यांनी तक्रार फाडली आणि त्याला रजा दिली.

वह्या घेऊनच मी आणि नंदकिशोर मुंबईला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली, झोपेबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं.

"झोपेची गरजच न वाटणं, भरभर बोलणं, अवाढव्य बेत, खर्चाला धरबंध नसणं," ते म्हणाले. "आणि मग उलट. उठवत नाही, भूक नाही, सगळं व्यर्थ वाटतं. एकाच आजाराची ही दोन टोकं. यात भूत नाही, आणि स्वभावाचा दोषही नाही."

आज त्याला बायपोलर म्हणतात. तेव्हा आम्हाला कुठलंच नाव ठाऊक नव्हतं.

"त्या भरात बोललेलं खोटं असतं का हो?" मी हळूच विचारलं.

"असेलच असं नाही. पण मोठे निर्णय आत्ता नकोत. बरं वाटू लागल्यावर त्यांनाच पुन्हा विचारू द्या."

गोळ्या सुरू झाल्या, रक्ताच्या तपासण्या सुरू झाल्या. माझा संशय मात्र सुटेना. तो हसला की वाटे, जरा जास्तच हसला का? गप्प बसला की वाटे, पुन्हा तेच का?

एकदा म्हणाला, "आज नुसता आनंद झालाय. परवानगी आहे ना?"

आठ महिने गेले. एका संध्याकाळी वाशीच्या खाडीकाठी तो चालता चालता थांबला. "मला... म्हणजे..."

"काल किती झोपलात?"

"साडेसात तास."

"गोळी?"

"घेतली."

"डोक्यात बेत किती?"

"एकच." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "पण सांगायची भीती वाटते. तुम्ही नाही म्हणालात तर..."

मी त्याच्याकडे पाहिलं. पूर्वीच्या त्या भरात त्याला कशाचीच भीती वाटली नव्हती. आज तळवे घामाने ओले होते, शब्द अडखळत होते, आणि नजर माझ्या उत्तराची वाट बघत होती.

आठ महिन्यांत पहिल्यांदाच मला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. मी त्याचा ओला हात हातात घेतला.

"बोला," मी म्हटलं. "सावकाश बोला."