छपराच्या फटीतली पाचर

हसायचं असेल त्यानं आत्ताच घरी जावं. माझंही अंग मोडून आलंय, एकदाच सांगणार.

आपला नॉर्मन टॅपलिन, गाड्या वाहून नेणारा. गेल्या नोव्हेंबरची अठरा तारीख, मंगळवार. रात्रीचे पावणेअकरा. दिवसातली तिसरी खेप. त्या अरुंद रस्त्यात ट्रक शिरत नाही, म्हणून मोठ्या रस्त्यावर लावून दोन मैल तंगड्या तोडत एनिड क्रॅबच्या शेडवर गाडी न्यायला आला.

एनिडचा नवरा लेन. त्यानं आणि चौघांनी पन्नास वर्षांपूर्वी त्याच शेडात ती गाडी घडवली. प्रदर्शनापुरती, एकच. कंपनी बुडाली, गाडी राहिली. पुढून पाचरीसारखी निमुळती, उंची कमरेएवढी. दारं नाहीतच. बटण दाबून काचेचं छप्पर मागं सरकवायचं, वरून आत उतरायचं आणि आडवं पडायचं. सगळं अंग फायबरचं, लेनच्या हातचं. फायबरवर थापायचं ते चिकट रेझिन त्याच्या बोटांवरून कधी निघालंच नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये गेला बिचारा. मग एनिडनं गाडी विकली.

छपराच्या फटीत लाकडाची पाचर होती. एनिड म्हणाली, "ही काढू नकोस. छप्पर पुरतं बसलं आणि बॅटरी गेली, तर आतून उघडत नाही."

"बाहेर पाऊस आहे, बाई. मी काय भिजू?"

"भीज. मरत नाहीस."

"तुमच्या लेनला सांगा, नॉर्मन वीस वर्षं हेच करतोय."

"सांगते," म्हातारी म्हणाली आणि पाय ओढत घरात गेली.

गाढवानं पाचर काढली. शेडातल्या बाकावर ठेवली. आत आडवा झाला, बटण दाबलं. छप्पर खट्कन बसलं.

मैलभर गेला असेल. ओढ्याच्या पुलाअलीकडे इंजिन बंद. दिवेही गेले. छपराचं बटण दाबलं... काही नाही. परत दाबलं. फोन ट्रकात. हात वर करून जोर लावावा, तर कोपर हलायला जागा नाही. गुडघ्यानं ठोकलं. कोण ऐकतंय? काचा धूसर झाल्या. श्वास आखूड झाला. दमलेला माणूस, डोळे मिटायला लागले.

मग वास आला.

ओल्या रेझिनचा.

टक... टक...

गाडीच्या टोकावर. मग जवळ. मग डोक्यावर.

काचेवर बाहेरून पंजा टेकला. पाऊस पडत होता. पंजा कोरडा होता.

नॉर्मन ओरडला नाही. तेवढा दमच नव्हता.

"लेन... चुकलो."

...

छप्पर बोटभर सरकलं.

त्यानं फटीत बोटं घातली, होता नव्हता तेवढा जोर लावला. छप्पर मागं गेलं, तसं काहीतरी छातीवर पडलं. बाहेर येऊन बघतो तर रस्त्यावर कुणी नाही. हातात ती पाचर. बाकावर ठेवलेली, तीच. तिच्या अंगभर ओलं रेझिन, त्यात अंगठ्याचा ठसा.

नॉर्मननं ती ट्रकात समोर ठेवलीय. मी परवा बोट लावून पाहिलं.

रेझिन तासाभरात वाळतं. हे सात महिने झाले, अजून चिकटतंय.