शुद्ध जीभ

जिभेचा कर्करोग आता जिवापेक्षा वेळच जास्त खात असे. रोगट जीभ काढायची, मानेतल्या गाठी तपासायच्या आणि रुग्णाच्याच निरोगी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली नवी जीभ बसवायची. जुना उपायही अजून मिळत होता. त्यात मनगटाजवळचं मांस घेऊन जिभेची भर करत. माणूस जगे, पण बोलणं बोबडं होई.

"तुमचा रोग लवकर सापडलाय, गाठींत पसरलेला नाही," नागपूरच्या दवाखान्यातल्या डॉ. केतकी नगरकर प्रमिला ताथोड यांना म्हणाल्या. "दोन्ही उपायांत जगण्याची आशा सारखीच आणि चांगली आहे. बोलण्याचं तेवढं ठरवा."

"बोबडं नको," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आई गावी असते. मला ती फोनवरच भेटते. तिला मी कळले पाहिजे."

कापलेल्या नसा नव्या जिभेत पूर्वीच्याच जागी जुळतील याची खात्री नसते. मेंदूचे हुकूम भलतीकडेच जातात. म्हणून जिभेत केसाएवढा बारीक धागा बसवत, त्याला जिव्हासूत्र म्हणत. मेंदूला काय म्हणायचंय याचा हे सूत्र अंदाज बांधी आणि आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दांपैकी सगळ्यात जवळचा शब्द जिभेकडून काढून घेई. शब्द ठाऊक व्हावेत म्हणून रुग्णानं शस्त्रक्रियेआधी आठवडाभर माइकसमोर गप्पा मारायच्या, जिभेवर नाजूक तारा चिकटवून.

प्रमिलाबाई मराठीच्या शिक्षिका. 'डोया' म्हणणाऱ्या पोरांकडून 'डोळा' घोटून घेण्यात त्यांची हयात गेली. घरी त्या स्वतः ठसक्यात वऱ्हाडी बोलत, पण माइक दिसला की पदर सावरावा तशी भाषा सावरून घेत. आठवडाभर त्या शुद्ध मराठीत बोलल्या. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. दवाखान्यात माणूस असंच बोलतो.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. गळ्यातली नळी निघाली, आवाज तेवढा घोगरा राहिला. नर्स अकोल्याकडची निघाली, तेव्हा बाईंनी खुशीत 'मले पानी पाह्यजे' म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं, "मला पाणी पाहिजे."

त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तेच.

"सरावानं जमेल का?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"सराव केलात तरी सूत्र सुधारून घेणार. त्याचं कामच ते आहे."

"मग काढून टाका."

"काढलं तर बोलणंच जाईल. आणि त्याला नव्यानं शिकवायचं तर जुन्या जिभेची हालचाल लागते, ताई. ती जीभ आता नाही." डॉक्टर थोड्या ओशाळल्या. "घरची बोली वेगळी आहे, हे तुम्ही सांगितलं नाहीत."

बाईंना डॉक्टरांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. एवढ्या पोरांची जीभ वळवली, आता आपलीच वळेना.

संध्याकाळी त्यांनी गावी फोन लावला.

"हालो, कोन बोलून राह्यलं?" पलीकडून मायचा आवाज आला.

माय, मी पमी व, असं त्यांनी मनात नीट जुळवलं. "आई, मी प्रमिला बोलत आहे," जीभ म्हणाली.

"पमीकडून बोलून राह्यल्या काय? दवाखान्यातल्या मॅडम दिसता."

"नाही आई, मीच. तुझी मुलगी."

"काहून थट्टा करता बाई म्हातारीची? माही पमी मले माय म्हनते. अशी नाई बोलत ते." मग मायचा आवाज एकदम बारीक झाला. "खरं सांगा मॅडम. वाचली नं व माही लेक?"

प्रमिलाबाईंचे डोळे भरून आले. हुंदका मात्र शुद्ध-अशुद्ध नसतो, तो तेवढा त्यांचा त्यांना आला. तो त्यांनी गिळला.

"वाचली," त्या म्हणाल्या.

"बेस झालं बाई. तिले सांगा, बोलता आलं का पह्यले मले फोन कर म्हना."