बीपनंतर बोला

“अहो भैया, पण ये बजता कैसे है, ते तर दाखवा ना!”

ईश्वरीच्या तोंडून हे वाक्य निसटलं आणि चंदीगडच्या सेक्टर सतरातल्या त्या फोनच्या दुकानात तिच्या पाठीमागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

तिने गर्रकन वळून पाहिलं. उंच, सडपातळ, गळ्यात राखाडी मफलर, हातात टॉर्चचे दोन सेल... आणि चष्म्याच्या काचा बाहेरच्या धुक्याने इतक्या भरलेल्या, की आतले डोळे हसताहेत की नाहीत तेसुद्धा कळेना.

“इसमें हँसने की क्या बात है?” ईश्वरीने शाळेतला आवाज लावला. आर्मीच्या शाळेत चौथीच्या पोरांना गणित शिकवत होती ती. तो आवाज लावला की मागचा बाकसुद्धा चिडीचूप व्हायचा.

“काही नाही,” तो चष्मा पुसत चक्क मराठीत म्हणाला. “इथे येऊन पाच वर्षं झाली, पण दुकानदाराला ‘अहो भैया’ म्हणणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. साताऱ्याच्या का?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“म्हणजे साताऱ्याच्याच. मी शिशिर. अकोला.”

आता यावर माणसाने काय बोलावं? परमुलखात मराठी कानावर पडली की राग धरवत नाही, हेच खरं. ईश्वरीने राग धरायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण तोवर त्याने काउंटरवरचा खोका स्वतःकडे ओढला होता आणि माहितीपुस्तिका उलगडून वाचायला सुरुवात केली होती. दुकानदार बिचारा सुटल्यासारखा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

फोन कॉर्डलेस होता, भिंतीवर लावायचा, आन्सरिंग मशीनवाला. आजकाल असले फोन घेतो कोण? पण ईश्वरीच्या घरची गोष्टच वेगळी होती. तिचे बाबा, कर्नल अशोक, सीमेवरच्या ठाण्यावर होते, जिथे कुटुंबाला नेता येत नाही. तिथून लाइन मिळेल तेव्हा ते फोन करायचे. तो सकाळी दहाला येईल की दुपारी तीनला, त्यांनाही ठाऊक नसायचं. मायलेकी चंदीगडच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. तळमजल्याच्या त्या स्वयंपाकघरात मोबाइलला रेंज म्हणून नव्हती, आणि आई, म्हणजे नीलाताई, दिवसातले आठ तास स्वयंपाकघरातच. गेल्या आठवड्यात बाबांचे दोन फोन हुकले होते.  त्या दिवशी आईकडून भाजीत मीठ दोनदा पडलं होतं.

“हे लावणं सोपं आहे,” शिशिर म्हणाला. त्याने खोक्याच्या झाकणावर आपला नंबर लिहिला. “अडलं तर फोन करा.”

“फोनच लागला नाही, तर फोन कसा करू?”

तो मोठ्याने हसला. आणि चष्मा पुसलेला असल्यामुळे या खेपेला त्याचे डोळे दिसले. बरे होते. बरे म्हणजे... चांगलेच बरे होते.

अडायचं ते अडलंच. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं, सेल आधी सोळा तास चार्ज करा. नीलाताईंनी तासाभरातच हँडसेट उचलून सगळी बटणं दाबून पाहिली आणि यंत्राने जे कुईकुई सुरू केलं, ते थांबेचना. रविवारी सकाळी शिशिर मोहालीहून स्कूटर हाणत आला, नाक लाल करून.

“काकू, आधी चहा, मग दुरुस्ती,” तो म्हणाला.

“हा आपल्यातलाच आहे गं,” नीलाताईंनी तिथल्या तिथे निकाल दिला.

त्याने बेस, म्हणजे हँडसेट ठेवायची बैठक, मायक्रोवेव्हच्या शेजारून काढून खिडकीपाशी लावला. “इथे खरखर येणार नाही,” म्हणाला. हँडसेट नव्याने बेसशी जोडला: खालचं बटण बीप होईपर्यंत दाबून धरायचं, मग दुसरं. तारीख-वेळ लावली. मशीनमधली बाई इंग्रजीत ‘संडे’ म्हणाली, तशा नीलाताई दचकल्या.

“आता निरोप रेकॉर्ड करा. कुणी फोन केला आणि तुम्ही उचलला नाही, तर समोरच्याला आधी हा ऐकू येईल. हे बटण दाबायचं, बीपनंतर बोलायचं आणि झालं की पुन्हा बटण दाबून थांबवायचं. थांबवायला विसरायचं नाही.”

“मास्तर, कळलं,” ईश्वरी म्हणाली.

“मास्तरीण तुम्ही. मी आपला औषधांच्या गोळ्या दळणारा.”

तो सेक्टर सदुसष्टच्या संस्थेत औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. संपवत होता. ईश्वरीने इंग्रजीत दोन ठोकळेबाज वाक्यं रेकॉर्ड केली. ती पुन्हा ऐकताना तिचे कान लाल झाले आणि त्याने ते पाहिलं, आणि त्याने पाहिलं हे तिने पाहिलं... झालं!

त्यानंतर त्या फोनला काय काय दुखणी झाली म्हणून सांगू! कधी घड्याळ मागे पडलं, कधी घंटी हळू वाजते असं वाटलं, कधी तर काहीच झालं नाही, तरी ‘एकदा बघून जा’ म्हणून निरोप गेला. शिशिर यायचा. नीलाताई बाबांसाठी मेथीचे लाडू वळत असायच्या, त्यातला एक त्याच्या हातावर पडायचा. कडू लागला तरी तो तोंड वाकडं करायचा नाही, आणि ईश्वरी मुद्दाम दुसरा वाढायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. मशीनमध्ये बाबांचे आवाज साठत गेले. “नीला, बरा आहे. बर्फ आहे. लाडू पोचले.” एवढंच, पण नीलाताई एकही पुसू द्यायच्या नाहीत.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, अंगणातल्या उन्हात किन्नू, म्हणजे तिकडची संत्री, सोलता सोलता शिशिर म्हणाला, “हैदराबादच्या कंपनीने बोलावलंय. चांगली नोकरी आहे. इथल्या हॉस्पिटलच्या संशोधन विभागातही जागा मिळतेय... पगार कमी. शुक्रवारी पाचपर्यंत कळवायचंय. काय करू?”

ईश्वरीच्या हातातली फोड हातातच राहिली. ‘जाऊ नको’ हे दोन नि दोन अक्षरांचं मिळून केवढंसं वाक्य! पण तिला आठवली ती बदल्यांची कागदपत्रं, दर अडीच वर्षांनी बांधलेले पेटारे, आणि ‘तुझ्यामुळे अडकलो’ असं एकमेकांना कधीही न म्हणालेले आईबाबा. आपण कुणाच्या वाटेत आडवं पडायचं नाही, असं तिने फार लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

“जा की,” ती म्हणाली. “अशी संधी सोडतात होय कुणी?”

“काऊन जी,” तो हळूच वऱ्हाडीत म्हणाला, “एवढी घाई झाली का मला घालवायची?”

“घाई कसली? विचारलंस म्हणून सांगितलं.”

त्याने उरलेला किन्नू तसाच खाली ठेवला आणि तो गेला.

सोमवारी बाबांचा निरोप आला: “ते इंग्रजी काढा बुवा. घरी फोन केला की बँकेत लागल्यासारखा वाटतो.” मग नीलाताईंनी कंबर कसली. बटण दाबलं, बीप वाजली आणि त्या खड्या आवाजात बोलल्या, “नमस्कार, मी नीला. आम्ही घरी नाही, म्हणजे अंगणात असू. बीपनंतर बोला... अगं बाई, दूध!”

दूध उतू जात होतं. दोघी धावल्या. गॅस बंद झाला, ओटा पुसला गेला, आणि मग त्या पुसण्याच्या भरात आईने विचारलं, “तो शिशिर का येत नाही गं?”

“हैदराबादला चाललाय.”

“आणि तू?”

“मी काय? मी ‘जा’ म्हटलं.”

“तुला आवडतो ना तो?”

ईश्वरी ओट्याशी तशीच उभी राहिली. “खूप आवडतो गं, आई. इतका, की तो स्कूटर फाटकाशी लावतो तो आवाजसुद्धा मला कळतो. पण मी ‘थांब’ म्हणायचं, त्याने थांबायचं आणि उद्या पस्तावायचं... त्यापेक्षा गेलेला बरा.” आणि तिला रडूच फुटलं. आईने ओल्या हातांनीच तिला जवळ घेतलं.

बटण पुन्हा दाबायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. उन्हं चांगली पडली होती, त्यामुळे नीलाताई दिवसभर बाहेर विणत बसायच्या. हँडसेट मात्र आतच. “बिचाऱ्याला चार्ज होऊ दे,” म्हणायच्या. आता ज्या फोनला तारच नाही, तो भिंतीला टांगून ठेवण्यात काय अर्थ? पण त्यांना सांगणार कोण! शेजारच्या ढिल्लों आंटी भेटल्या तर म्हणाल्या, “नीलाजी, आपकी मशीन बहुत लंबा बोलती है. समझ कुछ नहीं आया, पर आवाज बड़ी मीठी है जी.” नीलाताई खूश झाल्या. चंदीगडात त्या फोनवर येणारे सगळे पंजाबी नाहीतर हिंदी बोलणारे. समजलं कुणाला असतं?

शुक्रवारी शाळेतून घरी आल्यावर ईश्वरीने मशीनचं बटण दाबलं. बाबांचा आवाज आला.

“नीला, अगं मशीनवर हे काय लावून ठेवलंय? दूध काय, रडणं काय! दोनदा ऐकलं. माझ्याबरोबर ऑपरेटरनेही ऐकलं, तो नशिबाने तमिळ आहे.” मग जरासा खोकला. “ईशू... बाळा, हा शिशिर कोण? त्याला एकदा विचार तर खरं. मी तुझ्या आईला न विचारताच गृहीत धरत आलो. ते काही फार शहाणपणाचं नव्हतं.”

ईश्वरीच्या पायाखालची जमीनच सरकली. तिने आईला ‘घंटी वाजली तरी उचलू नकोस’ म्हणत मोबाइलवरून, रेंजसाठी दारात उभं राहून, घरचाच नंबर लावला. आत घंटी वाजली, मशीनने उचललं, आणि... “नमस्कार, मी नीला”पासून आपल्या हुंदक्यापर्यंत तिने सगळं ऐकलं. मग ती धावत आत आली. मशीनच्या पडद्यावर येऊन गेलेल्या फोनांची यादी होती. त्यात एकच नंबर अकरा वेळा होता. त्या नंबरावरून निरोप मात्र एकही नाही.

तो नंबर तिला पाठ होता.

“आई गं!” ती मटकन खाली बसली. “अकरा वेळा ऐकलं त्याने!”

“मग आता बाराव्यांदा तूच सांग,” नीलाताई शांतपणे म्हणाल्या. “पाचची मुदत आहे ना त्याची? चार वाजून गेलेत.”

ईश्वरीने हँडसेट उचलला. पहिल्याच घंटीला त्याने फोन घेतला.

“कुठे आहेस?”

“फाटकाबाहेर... अर्ध्या तासापासून. स्कूटर कोपऱ्यापासून ढकलत आणली, तुला आवाज कळतो म्हणून.”

ती हँडसेट कानाला लावूनच बाहेर आली. अंगण ओलांडलं तशी खरखर वाढली. फाटकापलीकडे तो स्कूटरला टेकून उभा होता, मफलर गळ्यात सैल, मोबाइल कानाशी. दोघांच्या मधे चार पावलं होती आणि दोघेही फोनवरच बोलत होते.

“ऐकलंस, तर बोलला का नाहीस?” तिचा आवाज चिरकला. “मजा वाटली?”

“नाही. पहिल्यांदा आनंद झाला. दुसऱ्यांदा रडू आलं. मग भीती वाटायला लागली. ते तू आईला सांगितलंस, ईश्वरी. मला तर ‘जा’ म्हणालीस. चोरून ऐकलेल्यावर विसंबून कसा थांबू मी?”

“आणि थांबून पस्तावलास तर?”

“इथलं काम मला जास्त आवडतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यासाठी तुझी परवानगी नकोय मला.” तो फाटकापाशी आला. “मला फक्त एवढंच कळायचं होतं, की मी थांबलो तर तुला हवा असेन का. ते मशीनने नाही, तू सांग.”

समोरच्या मैदानावर मुलं क्रिकेट खेळत होती. कुणीतरी ओरडलं, आउट. ईश्वरीने हँडसेट कानावरून खाली घेतला आणि बटण दाबून बंद केला. लहानपणापासून सांभाळलेलं ते ठरवणं तिला एकाएकी फार जुनं वाटलं.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली. “मला हवा आहेस तू. खूप.”

“पक्कं?”

“पक्कं. आणि हे कुणाच्या वाटेत येणं असेल, तर असू दे. मी येणार.”

त्याने फाटकावरून हात पुढे केला. तिने तो धरला. त्याची बोटं गार पडली होती, अर्धा तास थंडीत उभा होता वेडा. दुसऱ्या हाताने त्याने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि पाठवून दिलं.

“हॉस्पिटलला कळवलं?”

“परवाच लिहून ठेवलं होतं. पाठवायचं बाकी होतं.”

ती काही बोलणार, इतक्यात तिच्या हातातला हँडसेट वाजला. दोघेही दचकले. तिने पडद्याकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं... ते शाळेतलं नव्हे, खास साताऱ्याचं. तिने हिरवं बटण दाबलं, “हो बाबा, विचारलं,” एवढंच म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला.

शिशिरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने मफलर नीट केला, पाठ ताठ केली, जणू कर्नलसाहेबांना इथून दिसणारच होतं.

“नमस्कार काका,” तो म्हणाला. “मी शिशिर... हो. हो, तोच. मशीनवरचा.”