बेचाळीस लिटर पाणी

वस्तीतले पाणी बेचाळीस लिटर कमी भरत होते आणि ते गेले कुठे, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

चंद्रावरच्या त्या छोट्या वस्तीत पाणी कमी भरणे म्हणजे भिंतीला कुठेतरी चीर पडल्याची भीती. चीर शोधायची तर हरितगृहातली (बंदिस्त छताखालच्या शेतातली) हवा काढून घ्यावी लागणार होती. म्हणजे सगळी रोपे मरणार. तिथला गहू कृत्तिकाच्या आजोबांनी, आप्पांनी लावला होता. ते मागच्याच महिन्यात वारले होते.

"मावशी, आणखी एकदा बघू या ना," कृत्तिका म्हणाली.

हुमेरा मावशी वस्तीच्या पाण्याचा हिशेब ठेवत. त्यांनी तिला शेजारी बसवले आणि पडद्यावर एक फाइल उघडली. तिच्यात चित्रे नव्हती, रंग नव्हते. होत्या फक्त साध्या अक्षरांतल्या ओळी.

"आपला हिशेब एवढाच. उद्या यंत्रं बदलली तरी साधी अक्षरं कुणालाही वाचता येतील. हे बघ."

टाकी: वजा १० लिटर
हरितगृह: जमा १० लिटर

"दोन ओळी कशाला?"

"बंद वस्तीत पाणी नाहीसं होत नाही, ते फक्त जागा बदलतं. म्हणून कुठून गेलं आणि कुठे आलं, दोन्ही लिहायचं. याला दुहेरी नोंद म्हणतात (एकाच देवघेवीच्या दोन्ही बाजू)."

"पण अशा हजारो ओळी असतील. त्यात चूक कशी सापडणार?"

मावशींनी ब्राउझरमध्ये (वेबपाने दाखवणाऱ्या प्रणालीत) एक पान उघडले. त्याच ओळी आता खात्यांनुसार मांडलेल्या दिसू लागल्या. "हे पान स्वतःजवळ काही ठेवत नाही. फाइल वाचतं, बेरीज करतं आणि मोजलेल्या आकड्याशी ताडून बघतं. जिथे जुळत नाही तिथे लाल खूण."

सर्वांत वर लाल अक्षरांत बेचाळीस लिटरचा फरक दिसत होता. कृत्तिकाने एकेक खाते उघडून पाहिले. टाकी जुळत होती, हवेतली वाफ जुळत होती, हरितगृहही जुळत होते. शेवटच्या खात्यावर मात्र तिचे बोट थांबले.

"मावशी, 'माणसे' हे पण खातं आहे?"

"हो. आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. दर महिन्याला सगळ्यांची वजनं घेऊन ते मोजतो. या महिन्याची मोजणी आजच झाली."

लाल खूण तिथेच होती. लिहिलेल्या आकड्यापेक्षा मोजलेला आकडा कमी होता.

"आप्पांचं वजन किती होतं?" तिने हळूच विचारले.

"सत्तर किलो. त्यातलं पाणी साधारण साठ टक्के, म्हणजे..." मावशींनी हिशेब केला. बरोबर बेचाळीस लिटर.

आप्पांच्या इच्छेप्रमाणे त्यांना वस्तीबाहेर, चंद्राच्या मातीत पुरले होते. सगळे रडले होते, पण हिशेबात ते लिहायचे कोणाच्या मनातही आले नव्हते. चीर कुठेच नव्हती.

"नोंद मी करू?"

मावशींनी कळफलक तिच्यापुढे सरकवला. कृत्तिकाने एकेक अक्षर जपून टाइप केले.

आप्पा
माणसे: वजा ४२ लिटर
चंद्रभूमी: जमा ४२ लिटर

तिने फाइल जतन केली. पानावरची लाल खूण नाहीशी झाली. मावशींनी लगेच नियंत्रण कक्षाला कळवले, "हरितगृहाला हात लावू नका. पाणी सापडलं." मग पदराने डोळे पुसले.

कृत्तिकाने 'चंद्रभूमी' खाते उघडले. बर्फाच्या खाणीतून आलेले सगळे पाणी तिथे लिहिलेले होते: वजा, वजा, वजा. कितीतरी पाने तेवढेच होते. अगदी खाली मात्र एकच ओळ जमा होती.

"मावशी, आजपर्यंत आपण इथून फक्त घेतच होतो," ती म्हणाली. "पहिल्यांदा आप्पांनी दिलं."

मावशींनी तिला जवळ घेतले. "पुढच्या आठवड्यात खाणीतून नवा बर्फ येतोय. त्याची नोंद तू कर. त्यातलं पहिलं पाणी गव्हाला घालू."