चार महिन्यांच्या पगाराचं दार

शनिवारी दुपारी दोन हमाल घामाघूम होऊन एक सागवानी दार, चौकटीसकट, दुसऱ्या मजल्यावर घेऊन आले. त्यांच्यामागून सून वर आली. सासूबाईंनी विचारलं, “तू पगार आणायला गेली होतीस ना?”

“आणला की,” सून दाराकडे बोट दाखवून म्हणाली. “हाच.”

सासूबाईंनी चष्मा पुसला, दार खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “सुटे नव्हते का?”

सून दहा वर्षं दारांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करत होती. तिथे सगळे तिला मावशी म्हणत. मालकही म्हणत, आणि पगार थकल्यापासून तर अंमळ जास्तच गोडीने म्हणत. चार महिने त्यांनी ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणत काढले. शेवटी त्यांनी हात वर केले. “पैसे नाहीत, मावशी. माल आहे. तुमच्या हिशेबाचा घेऊन जा.” सुतारांनी खिडक्या उचलल्या, रखवालदाराने एक कपाट ढकलत नेलं. मावशीच्या वाट्याला हे दार आलं. ज्याने ते बनवायला सांगितलं होतं, ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकलंच नव्हतं.

दार देखणं होतं, यात वाद नाही. पण घरमालकाला दार नको होतं, तीन महिन्यांचं भाडं हवं होतं, तेही सोमवारी सकाळी दहाच्या आत. नाहीतर खोल्या रिकाम्या करा, असं तो जिन्यात उभा राहून साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगून गेला होता. दार घ्यायला एक ठेकेदार तयार झाला होता, पण तो मंगळवारी येणार. नवरा ट्रक घेऊन लांब गेलेला, फोन बंद. एका दिवसावरून घर जायची पाळी आली होती. म्हाताऱ्या सासूला घेऊन कुठे जायचं, ते मावशीला सुचत नव्हतं.

दार आतल्या खोलीत भिंतीला टेकवून उभं केलं. त्या भिंतीपलीकडे काही नव्हतं. दोन मजले खाली गल्ली, बस्स.

इथे कारखान्यातली एक रीत सांगायला हवी. दार तयार झालं की मिस्त्री एका बाजूने तीनदा ठोकायचे आणि लाकूड कुठे पोकळ वाजतंय का ते कान देऊन ऐकायचे. पॉलिशवालीने पलीकडे उभं राहून मोठ्याने म्हणायचं, “उघडंय!” तिचा आवाज फटींतून किती झिरपतो त्यावरून फळ्या नीट बसल्यात की नाही ते मिस्त्रींना कळायचं. दहा वर्षांत मावशीने हजारो दारांना उत्तर दिलं होतं. तीन ठोके पडले की तोंडातून शब्द आपोआप निघायचा. एकदा सिनेमा पाहताना पडद्यावरच्या माणसाने दार ठोठावलं आणि मावशी थिएटरभर ओरडली होती. पगार थांबल्यावर सगळ्यांत आधी मिस्त्रीच काम सोडून गेले. त्यामुळे हे एवढं दार कुणी ठोकून पाहिलं नव्हतं.

रविवारची दुपार. लख्ख ऊन होतं. सासूबाई बाहेरच्या खोलीत बारीक घोरत होत्या. मावशी आत बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. मधूनच तिच्या नाकाला पॉलिशचा वास आला, ओल्या पॉलिशचा. हात लावून पाहावा तर दार खडखडीत कोरडं. गल्लीतला गलका हळूहळू कमी होत गेला आणि मग थांबलाच. सासूबाईंचं घोरणंही ऐकू येईना.

टक्. टक्. टक्.

“उघडंय!” मावशी म्हणाली.

म्हणून झालं, आणि मग ठोके कुठून आले ते तिच्या ध्यानात आलं. तिच्या हातातली सुई तशीच राहिली. दाराची कडी आपसूक वर उचलली गेली... आणि दार पलीकडच्या बाजूला उघडलं, जिकडे भिंत होती तिकडे.

पलीकडे मालकांची केबिन होती. तीच फाटक्या गादीची खुर्ची, तोच टकटक करणारा पंखा. फक्त उजेड कमी होता आणि गारवा फार होता. मालक टेबलाशी मान खाली घालून बसले होते.

“मावशी... या.”

“मालक? तुम्ही... इथे कसे?”

“पगार घ्या. फार उशीर झाला... राग मानू नका.”

खरं तर इथेच मावशीने ओळखायला हवं होतं. दहा वर्षांत मालक असं कधी बोलले नव्हते. पण चार महिन्यांनी पगार हा शब्द ऐकलेल्या माणसाला आवाजातले बारकावे कुठून कळणार? भीती वाटत होती, तरी पाय तिला आत घेऊन गेले. मालकांनी जाड पाकीट पुढे सरकवलं. वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिने सही केली. बोट पांढरंफटक होतं, आणि त्यांची मान शेवटपर्यंत वर झाली नाही.

ती उलट्या पावलांनी घरात आली आणि दार लागलं. गल्लीतला गलका एकदम सुरू झाला. तिने दार ओढून पुढे घेतलं, तर मागे भिंत होती, तिच्यावर जुनाच ओलीचा डाग.

पाकिटात चार महिन्यांचा पगार होता, अगदी पुरेपूर. सासूबाईंनी तो दोनदा मोजला, सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, “भूत असो नाहीतर आणखी कुणी, देणारा आहे ना? माझ्या नव्या चष्म्याचंही बघ जरा त्याच्याकडे.”

सोमवारी साडेनऊलाच मावशीने घरमालकाच्या हातावर भाडं ठेवलं. त्याचा चेहरा पाहून तिला इतकं हसू आलं की जिना उतरेपर्यंत आवरेना. जीव भांड्यात पडला होता. पावती पदरात खोचून ती सरळ कारखान्यात गेली. मालकांचे आभार तरी मानावेत, म्हणून.

केबिनमध्ये टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. मालक पॉलिशच्या उपड्या डब्यावर बसून चहा पीत होते. “सामान शुक्रवारीच विकलं, मावशी,” ते म्हणाले. “पंख्यासकट. आणि काल मी दिवसभर बहिणीकडे होतो. पगार कसला? मी सकाळचा हा चहासुद्धा उधार आणलाय.”

मावशीने पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. त्यात तळाशी एक चिठ्ठी दुमडून राहिली होती. मालकांनी ती उलगडली आणि वाचता वाचता त्यांना हसू फुटलं.

“अहो मावशी, हा माझा थकलेला पगार नव्हेच. पुढचे चार महिने लिहिलेत यावर, उद्यापासूनचे. मला मागचे देता येईनात आणि हा पुढचे देतोय! असा मालक असेल तर मलाही चिकटवा की कुठेतरी.”

मावशीला हसता येईना. पैसे परत करावेत म्हटलं, तर निम्म्याहून जास्त घरमालकाच्या खिशात गेले होते. सही करताना ओळीवर काय लिहिलंय ते तिने वाचलंच नव्हतं. ती जवळजवळ धावतच घरी आली.

सासूबाई मजेत बसून होत्या. “बरं झालं आलीस. तुझ्या नव्या कामावरून माणूस येऊन गेला.”

“कुठून आला... जिन्यावरून?”

“आतल्या खोलीतून. मी कडी काढून दिली. किती मर्यादेचा माणूस गं, मान वर करून बघितलं नाही! म्हणाला, उद्या आठला या. मी म्हटलं, पाठवते, पैसे घेतलेत तर येईलच ती. डबा आणू नका म्हणाला, जेवण तिकडेच आहे. मी विचारलं, सुटते किती वाजता?”

“मग?... काय म्हणाला?”

“काही नाही,” सासूबाई म्हणाल्या. “पण हसला बिचारा. खूप वेळ हसत होता.”